टाळलेली ऑपरेशने आणि धानाचा हंगाम

धानाचा चुरणा आटोपला, कट्टे खरेदी केंद्रावर गेले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात दुसरा एक हंगाम सुरू होतो. त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही. हा हंगाम ऑपरेशनचा. कुणाचा हर्निया, कुणाचा मोतीबिंदू, कुणाची अंडवृद्धी, कुणा बाईचे गर्भाशयाचे दुखणे. पावसाळाभर अंगावर काढलेले दुखणे दिवाळी-मंडई झाली की डॉक्टरांपुढे येते. त्याआधी यायला सवड नसते. होळीनंतर यायला मन होत नाही, कारण उन्हाळ्यात टाके पिकतात असा आपल्याकडे जुना समज आहे. डॉक्टर मंडळी हे मानत नाहीत, दवाखान्यात उन्हाळ्यातही ऑपरेशने होतातच, पण समज आहे तो आहे.

२०२० साली करोनाच्या साथीने हा हंगाम पार मोडून टाकला. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी सर्व रुग्णालयांना सूचना दिली, की तातडीची नसलेली ऑपरेशने पुढे ढकला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. ज्यांच्या हातात मार्च-एप्रिलची तारीख होती त्यांची तारीख कागदावरच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. विषय अशासाठी, की त्या वेळी गावोगावी किती माणसे ऑपरेशनसाठी थांबली होती, त्यातली किती नंतर गेली आणि किती अजून पट्टा बांधून शेतात काम करतात, हे आजही गावात कुणाला सांगता येत नाही. उद्या दुसरी साथ आली तर पुन्हा तेच होणार.

मी कृषी खात्यातला माणूस. ऑपरेशनच्या विषयात मला कुणी विचारले नव्हते. पण आमचे काम बांधीच्या धुऱ्यावरचे आहे आणि धुऱ्यावर उभा माणूस कोणत्या अवस्थेत आहे, हे दवाखान्याच्या आधी आम्हाला दिसते.

पुराच्या पंचनाम्यातली भेट

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तो सगळ्यांच्या लक्षात आहे. मध्य प्रदेशातून सोडलेले पाणी आणि वरून पाऊस. भंडारा शहरात पाणी शिरले, नदीकाठची धानाची शेती चिखलात गेली. सप्टेंबरात पंचनामे सुरू झाले. तोंडाला रुमाल बांधून आम्ही गावोगाव फिरत होतो.

एका गावात एक पन्नाशीचे शेतकरी भेटले. जमीन तीन एकर, त्यातली दीड एकर पाण्याखाली. बोलताना त्यांचा एक हात सारखा जांघेत दाबलेला. विचारले तर म्हणाले, "हर्निया हाय जी. मार्चची तारीख भेटली होती. मंग सारंच बंद झालं." खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. घामाने शाई फुटली होती. तारीख मात्र वाचता येत होती. "आता कवा होईन, साहेब?" असे त्यांनी मला विचारले. मला काय माहीत? आशाताईंना विचारले, त्या बिचाऱ्या घरोघरी ताप मोजण्यात गुंतलेल्या. दवाखान्यातून उत्तर आले होते, की सुरू झाल्यावर या. सुरू झाले हे यांना कोण सांगणार, ते कुणीच ठरवले नव्हते.

नोव्हेंबरात उंचावरच्या बांधीतले वाचलेले धान चुरायला घेतले. मजूर मिळेना. घरच्या माणसांनीच चाळीस किलोचे कट्टे उचलले. त्या रात्री जांघेतला फुगा आत जाईना, दगडासारखा कडक झाला, उलट्या सुरू झाल्या. पहाटे नागपूर गाठले. आतडे पिळून काळे पडले होते, त्याचा एक तुकडा कापावा लागला. माणूस वाचला. बैलजोडी मात्र विकली गेली आणि पुढच्या वर्षीची शेती ठेक्याने दिली. मार्चमध्ये जे काम दोन-तीन दिवसांत आणि जवळपास फुकटात झाले असते, त्यासाठी एका घराची दोन वर्षे गेली.

दुसरी गोष्ट एका म्हाताऱ्या बाईची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिबिराला नाव लिहिले होते, शिबिर झाले नाही. त्या खरिपात ती निंदायला गेली आणि सावा समजून धानाचेच चूड उपटू लागली. धान आणि सावा लहानपणी सारखाच दिसतो, चांगल्या डोळ्यालाही जवळून पाहावे लागते. शेतमालकाने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी तिला बोलावले नाही. पंचनाम्याच्या कोणत्याच नमुन्यात हे नुकसान बसत नाही.

थांबवणे चूक नव्हते

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ऑपरेशने थांबवली म्हणून डॉक्टरांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. तो दोष देणे बरोबर नाही. त्या वेळी खाटा, ऑक्सिजन, भूल देणारे डॉक्टर, परिचारिका सगळेच साथीकडे वळवावे लागले. रक्तदान शिबिरे बंद पडल्याने रक्ताची टंचाई होती. आणि मुख्य म्हणजे अंगात विषाणू असताना ऑपरेशन झाले तर जिवाला धोका होता. साथीच्या पहिल्या महिन्यांत २४ देशांतल्या १,१२८ अशा रुग्णांचा अभ्यास झाला, ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे करोनाची लागण झाली होती. त्यातले जवळपास चौथाई रुग्ण महिन्याभरात दगावले. यात तातडीची ऑपरेशने आणि वयस्क माणसे पुष्कळ होती, हे धरूनही आकडा घाबरवणारा आहे. अशा वेळी हर्नियासाठी माणसाला दवाखान्यात बोलावणे म्हणजे वीज कडाडत असताना बांधीत उतरवणे.

याच अभ्यासगटाने मे २०२० मध्ये अंदाज काढला, की साथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशने रद्द होतील किंवा पुढे जातील. भारताच्या वाट्याला त्यातली सुमारे ५ लाख ८० हजार धरली होती. हा बारा आठवड्यांचा हिशेब. आपल्याकडे त्यानंतर २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा भारी होती.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्या घटनेचा करोनाशी किंवा ऑपरेशनशी संबंध नव्हता. पण खेड्यात भीती अशी वेगवेगळी राहत नाही. त्या हिवाळ्यात मी ज्या ज्या घरी 'आता तारीख घ्या' म्हणालो, तिथे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ऐकल्या. दवाखाना उघडला होता, माणूस जायला तयार नव्हता.

'थांबू शकते' म्हणजे किती दिवस?

ठरवून करायचे ऑपरेशन म्हणजे नाही केले तरी चालेल असे ऑपरेशन, असा समज गावात आहे. काही प्रमाणात कार्यालयांतही आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला पऱ्ह्यांचे उदाहरण पुरेसे आहे. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी करावी असे आम्ही सांगतो. पाऊस लांबला तर पाच-आठ दिवस थांबता येते. त्याहून जास्त थांबले तर रोप वयस्क होते, फुटवे कमी येतात. तेव्हा आम्ही म्हणत नाही की आता रोवूच नका. आम्ही म्हणतो, एका चुडात दोन-तीन ऐवजी चार-पाच रोपे लावा. त्याहून उशीर झाला तर दुसरे पीक सांगतो. म्हणजे 'थांबा' या शब्दाला आमच्याकडे दिवसांची मर्यादा असते आणि मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे तेही लिहिलेले असते. प्रत्येक जिल्ह्याचा आपत्कालीन पीक आराखडा असतो, त्यात पंधरा दिवस पाऊस लांबला तर काय, महिना लांबला तर काय, अशी उत्तरे आधीच मांडलेली असतात. आराखडा नेहमी पाळला जातो असा माझा दावा नाही. पण तो असतो.

ऑपरेशनचे असे कोष्टक जगात नव्हते असे नाही. इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०२० मध्येच चार गट पाडले. पहिला गट तातडीचा, काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत. दुसरा महिन्याच्या आत. तिसरा तीन महिन्यांच्या आत. चौथा तीन महिन्यांहून जास्त थांबू शकेल असा. थांबलेल्या प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या गटात टाकायचे आणि त्याची अवस्था बदलली तर गट बदलायचा. साधी गोष्ट आहे, आपल्या गावातही करता येण्यासारखी.

माझा आक्षेप एवढाच, की असे गट आजार पाहून पाडले जातात, माणूस काय काम करतो ते पाहून नाही. कचेरीत बसणाऱ्याचा साधा हर्निया सहा महिने थांबू शकेल. चाळीस किलोचा कट्टा उचलणाऱ्याचा तोच हर्निया ऑक्टोबरपर्यंत थांबेल, नोव्हेंबरात त्याचा भरवसा नाही. पेन्शनवर घरी बसलेल्याला मोतीबिंदूने वाचन बंद होते, निंदणाऱ्या बाईची मजुरी बंद होते. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली बाई घरात कशीबशी वावरते, पण रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभी राहिली की तिचे हाल कुत्रा खात नाही. आपल्याकडे हा त्रास किती जणींना आहे ते विचारू नका. बाया सांगतच नाहीत. सासूला सांगत नाहीत, आशाताईला सांगत नाहीत, डॉक्टर पुरुष असेल तर प्रश्नच मिटला. रोवणीच्या ठेक्यात मध्येच बसून राहणारी बाई 'कामचोर' ठरते. म्हणून गट पाडताना आजाराच्या शेजारी कामाचा रकाना हवा, असे माझे मत आहे.

जिथे यादी होती तिथे काय झाले

इंग्लंडमध्ये ठरलेल्या उपचारांची प्रतीक्षायादी फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे ४६ लाख होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ७७ लाखांवर गेली. वर्तमानपत्रांतून त्यावर तिथल्या सरकारवर खूप टीका झाली. मला त्यात निराळेच दिसले. त्यांना आकडा माहीत आहे! आपल्याकडे हर्नियासाठी थांबलेले किती, हा आकडा ना गावाकडे, ना तालुक्याकडे. ज्याचा नंबर लागला त्याची नोंद रुग्णालयात होते, ज्याचा लागला नाही तो कुठेच नसतो.

याला दोन अपवाद आहेत आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला मोतीबिंदूचा. साथीत तुंबलेली मोतीबिंदूची ऑपरेशने निकाली काढण्यासाठी केंद्राने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान सुरू केले, तीन वर्षांत २ कोटी ७० लाख ऑपरेशनचे लक्ष्य ठेवले. पहिल्या वर्षीचे लक्ष्य ७५ लाखांचे होते, प्रत्यक्षात ८३ लाखांवर झाली. दुसरा अपवाद अंडवृद्धीचा. पूर्व विदर्भ हा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे, आपला जिल्हा त्यातच येतो. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग हटवायचा असे सरकारने ठरवले आहे, त्या कार्यक्रमात हत्तीपाय आणि अंडवृद्धीच्या रुग्णांची नावनिहाय यादी ठेवावी लागते. नाव यादीत असल्याने कर्मचारी घरी येतात, ऑपरेशनला चला म्हणतात. माणूस नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाचे दुखणे, मूळव्याध यांच्या पाठीशी असा कार्यक्रम नाही. म्हणून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून साथ ओसरल्यावर ज्याची ओळख होती, ज्याच्याकडे मोटारसायकल होती, ज्याचा मुलगा नागपूरला होता, तो आधी गेला. ज्याचे दुखणे मोठे तो आधी गेला असे झाले नाही.

धानाच्या पंचांगात तारीख कुठे बसवायची

आता साथ नसतानाही तारीख कशी ठरवावी, यावर थोडे. ज्यांचा फक्त खरीप आहे आणि नंतर लाखोळी, जवस, हरभरा एवढाच रब्बी, त्यांना डिसेंबरपासून मोकळीक मिळते. गोसीखुर्द, बावनथडी, इटियाडोहचे पाणी ज्यांच्या बांधीत येते आणि जे उन्हाळी धान घेतात, त्यांची अडचण जास्त. त्यांना चुरणा संपल्यापासून जानेवारीच्या रोवणीपर्यंत जेमतेम महिना-दीड महिना मिळतो. हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचे नाही असे डॉक्टर सांगतात. म्हणजे अशा शेतकऱ्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मोकळे व्हावे, नाही तर सरळ रोवणी झाल्यावर, फेब्रुवारीत जावे. मध्ये लटकू नये. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे डोळ्यात धूळ, घाम, घाण पाणी जाऊ द्यायचे नसते. त्यामुळे चुरण्याच्या आधी ते करून घेणे शहाणपणाचे नाही, तोंडावर येणारा भुसा कुणाला चुकला आहे? मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर ज्यांचे घर चालते त्यांनी मार्च ते मे हे दिवस धरूच नयेत. दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांचे काय, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यांना रोवणी आणि कापणीच्या मधले सप्टेंबरचे दिवस मिळतात, पण त्या दिवसांत गावात तापाची साथ असते.

ताप हा मोठा मुद्दा आहे. करोनाने ज्या दोन-चार गोष्टी शिकवल्या त्यात ही एक. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. लागण झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत शंभरात चार जण महिन्याभरात दगावले. सात आठवडे थांबलेल्यांत हे प्रमाण शंभरात दीड, म्हणजे लागण न झालेल्यांइतकेच. म्हणून तेव्हा सात आठवडे थांबा असा सल्ला निघाला. सात आठवड्यांनंतरही ज्यांना दम, खोकला राहिला होता त्यांना धोका जास्तच होता. हा अभ्यास लस येण्याआधीचा. पुढे लसीकरण झाले, विषाणूही बदलला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला, की दोन आठवड्यांच्या आत ठरवलेले ऑपरेशन करू नये, आणि दोन ते सात आठवड्यांच्या दरम्यान रुग्णाचे वय, आजार आणि ऑपरेशनचा प्रकार पाहून निर्णय घ्यावा. आपल्यासाठी यातून निघते ते एवढेच, की गेल्या दीड-दोन महिन्यांत ताप, खोकला, दम लागला असेल तर डॉक्टरांना सांगायचे. आपले लोक नेमके हेच लपवतात. तारीख जाईल, परत खेटे घालावे लागतील, ही भीती. एका गृहस्थांनी तर आदल्या रात्री तापाची गोळी घेऊन दवाखाना गाठला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासून परत पाठवले म्हणून बरे, पण गडी वर्षभर त्या डॉक्टरांना शिव्या देत फिरला.

तसेच सिकलसेलचे. पूर्व विदर्भात हा आजार घराघरात आहे. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना अंगातला ऑक्सिजन, पाणी आणि ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते, नाही तर ऑपरेशन नीट होऊनही रुग्ण अत्यवस्थ होतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर स्वतःची तपासणी तारखेच्या आधी करून घ्यावी, कार्ड असेल तर सोबत न्यावे. आणि खर्रा. खर्रा-तंबाखू-बिडी ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी सोडली तर नंतरचा त्रास कमी होतो, जखम लवकर भरते. चार आठवडे सोडता आली तर पुढेही सोडता येईल, पण ते ज्याचे त्याने पाहावे.

कोणती गोष्ट थांबवायचीच नाही, तेही लिहून ठेवतो. हर्नियाचा फुगा आत जात नसेल, कडक होऊन दुखत असेल, उलट्या होत असतील, तर रात्र असो की साथ, १०८ ला फोन करावा. डोळा लाल होऊन ठणकत असेल आणि एकदम कमी दिसू लागले असेल तर तो मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नये. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, बाईच्या स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त गेले, तर ही 'नंतर पाहू' या गटातली दुखणी नाहीत. करोनाच्या काळात यातली काही माणसेही हर्नियावाल्यांबरोबर एकाच रांगेत घरी बसली. सगळे बंद आहे एवढेच त्यांनी ऐकले होते, तातडीचे सुरू आहे हे त्यांना कुणी सांगितले नाही.

गावाच्या दप्तरात काय असावे

पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढले. भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ते पूर्ण ताकदीने उभे राहील तेव्हा नागपूरचे 'मेडिकल' गाठण्याची पाळी कमी येईल अशी आशा आहे. अडचण आता उरली ती मजुरी बुडण्याची, सोबत कुणी येण्याची आणि कोण थांबले आहे हे माहीत नसण्याची. पहिल्या दोनवर गावाला मर्यादा आहेत. तिसरीवर नाहीत.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, कागदावर तरी आहे. आशाताईंकडे सर्वेक्षणाची वही असते. तिच्यात ऑपरेशन सांगितलेल्या माणसांचे एक पान वाढवायचे. नाव, आजार, डॉक्टरांनी कधी सांगितले, काम काय करतो, कोणत्या महिन्यात मोकळा, घरात सिकलसेल आहे का, सोबत कोण जाईल. चाळीस-पन्नास नावांच्या वर बहुतेक गावांत जाणार नाही. आशाताईंवर कामाचा बोजा किती आहे हे मला माहीत आहे, म्हणून हे पान भरण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपले जुने ग्रामसेवक) आणि पोलीस पाटलांनी वाटून घ्यावे. आमच्या खात्याची माणसे शेतीशाळेला गावात येतात, त्यांनाही सांगा. धुऱ्यावर कोण पट्टा बांधून उभा आहे, हे आम्ही सांगू.

एक काळजी घ्यायची. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवायची नाही. अंडवृद्धी आणि बायांची दुखणी चव्हाट्यावर आली तर पुढच्या वर्षी कुणी नाव देणार नाही. सभेत फक्त आकडे सांगावेत, की एवढे हर्नियाचे, एवढे डोळ्याचे. नावे आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्याकडेच राहावीत. दर तीन महिन्यांनी ती तालुक्याच्या रुग्णालयाला कळवावी. म्हणजे पुन्हा कधी साथीने दारे बंद झाली, तर बंद होताना तिथल्या डॉक्टरांच्या हातात थांबलेल्यांची नावे असतील. आणि दारे उघडल्यावर निरोप कुणाला पाठवायचा, हे विचारावे लागणार नाही.

पुराच्या पंचनाम्यातले ते शेतकरी मला मागच्या हंगामात खरेदी केंद्रावर भेटले. कट्टे उचलायला त्यांनी हमाल लावले होते. सोबत धाकटा भाऊ होता, पंचेचाळिशीचा. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "यालेबी तेच हाय जी. पर सांगत नाय कोनाले." भाऊ हसून बाजूला झाला. मी त्याचे नाव माझ्या डायरीत लिहून घेतले. डायरीत आता अशी अकरा नावे आहेत, तीन गावांची.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय यायला हवा असेल तर लेखी अर्ज सरपंचांकडे सभेची नोटीस निघण्याआधी द्यावा लागतो. अर्ज कसा लिहावा हे कळत नसेल तर आमच्या कार्यालयात या, लिहून देतो.